मदत हवी आहे: बाथरूमच्या टाइलला सिमेंट की केमिकल? आजच सांगा

अबोली_गुहागर: गावच्या घरी बाथरूमला टाइल लावायच्यात. गवंडी म्हणतो सिमेंट-वाळूत लावू, जन्मात हलणार नाहीत, दुकानदार म्हणतो केमिकल, म्हणजे टाइल चिकटवायचं अ‍ॅडेसिव्हच घ्या. उद्या सकाळी गवंडी येतोय, काम नसलं तर दुसरीकडे जाईल आणि मग गणपतीपर्यंत तोंड दाखवायचा नाही. काय घेऊ??

बांधकामवाला: टाइल कुठली? भिंत की जमीन?

अबोली_गुहागर: पांढरी, मोठी. भिंतीला. पण माल कुठला घेऊ ते सांगा ना

माडाखाली: आमच्या घरी आजोबांच्या वेळच्या टाइल सिमेंटात लावल्यात, एक निघालेली नाही. केमिकल म्हणजे कंपन्यांचे धंदे. आदल्या रात्री टाइल पाण्यात बुडवून ठेवा, झालं.

बांधकामवाला: माडाखाली, त्या सिरॅमिक असणार, त्यांची पाठ पाणी पिते म्हणून सिमेंट धरतं. विट्रिफाइड अर्धा टक्कासुद्धा पाणी शोषत नाही, भिजवून काय होणार? अबोली, खोक्यावर बघा.

अबोली_गुहागर: जीव्हीटी, म्हणजे ग्लेझ्ड विट्रिफाइड लिहिलंय, ६०० बाय १२०० मिमी

पुणेकर_दापोलीत: जमिनीला ग्लॉसी घेऊ नका हां, आमच्याकडे पाहुणे घसरले.

कुडाळचो: भिंत चिऱ्याची काय इटांची? गिलाव्यार चुनो असात तर आधी खरवडून काढ गो बाय, नायतर अ‍ॅडेसिव्ह चुन्याक धरतला, भिंतीक नाय.

अबोली_गुहागर: चिऱ्याचीच, जुन्या पडवीचं बाथरूम केलंय. चुना आहे, वर ऑइल पेंट पण आहे

बांधकामवाला: हे आत्ता सांगताय? पेंट-चुना सगळा काढा, टाचे मारा (छिन्नीने खाचा पाडून भिंत खरबरीत करा), गिलावा जिथे पोकळ वाजतो तिथे पाडून नवा करा आणि ओळंब्यात घ्या, कारण अ‍ॅडेसिव्हचा थर जेमतेम ३ ते ६ मिमी, वाकडी भिंत त्याने सरळ होत नाही. मग वॉटरप्रूफिंगचा हात. अ‍ॅडेसिव्हच्या पिशवीवर आयएस १५४७७ (त्याचं भारतीय मानक) बघा, टाइप १ नको, टाइप २ किंवा वरचा. दात्यांच्या थापीने (कडेला खाचा असलेली) भिंतीवर ओढायचं, एवढ्या मोठ्या टाइलला पाठीवरही पातळ हात द्यायचा, दोन टाइलच्या मध्ये फट राखायला २-३ मिमीचे स्पेसर. नव्या गिलाव्याला पाणी मारून तो सुकेपर्यंत टाइल नाही, म्हणजे उद्याचं विसरा.

माडाखाली: एवढ्या खर्चात दुसरं बाथरूम होईल.

बांधकामवाला: एवढी टाइल डोक्यावर पडली की मग हिशोब करू.

कुडाळचो: गिलाव्याक खाडीची वाळू घेव नको. मिठान पांढरो फुलोरो येता, आणि बावीचा पाणी खारट असात तर ताय नको.

अबोली_गुहागर: गवंड्याला फोन केला. खरवडायचे पैसे वेगळे म्हणतो, आणि दात्यांची थापी म्हणजे काय विचारत होता. चिपळूणला मिळेल का?

बांधकामवाला: थापी मिळेल हो. पण त्याने मोठी टाइल अ‍ॅडेसिव्हवर कधी लावलीय का ते आधी विचारा, नसेल तर दुसरा गवंडी बघा.

पुणेकर_दापोलीत: गीझर किती लिटरचा घेताय?