पूलमध्ये रोल बसतो, कुंडलिकेत बसत नाही. बोटीचं फिटिंग चुकतंय की टेक्निक?

पुणे_पॅडलर
नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. वीकेंडला कोलाडला कयाकिंग करतो, हल्लीच एक सेकंडहँड क्रीक बोट (दगडाळ, उतरत्या नद्यांसाठीची कयाक) घेतली. आधीचा मालक माझ्यापेक्षा बराच रुंद होता, त्यामुळे सीटमध्ये मी चांगलाच इकडून तिकडे सरकतो. पूलमध्ये रोल (उलटलेली बोट आत बसूनच परत सरळ करणं) एकदम आरामात बसतो, पण कुंडलिका नदीच्या करंटमध्ये उलटलो की अर्धा वर येतो, श्वास घेतो न घेतो तोच परत आत, आणि मग स्कर्ट (कंबरेभोवतीचं, बोटीत पाणी न येऊ देणारं आवरण) ओढून बाहेर. दुसरा त्रास एडीत (दगडाआड किंवा काठाशी उलट फिरणाऱ्या पाण्यात) शिरताना, नाक आत गेलं की बोट कधी पलटी होते कळतच नाही. आणि थोडा वेळ बसलं की दोन्ही पाय बधिर. ऑक्टोबरमध्ये ऋषिकेशला जायचं ठरतंय, त्याआधी काय करू? फिटिंगवर पैसे घालू की कोणाकडे तरी नीट शिकू? आणि फोम कुठला घ्यायचा, चिकटवायचा कशाने, तेही सांगा.

घाटाखाली
आधी फिटिंग, डोळे झाकून. रोल हातांनी होत नाही मित्रा, कमरेने आणि गुडघ्याने होतो. पॅडलचं जे ब्लेड स्वीप करतं, म्हणजे पाण्यात झाडल्यासारखं बाहेर फिरतं, त्याच बाजूचा गुडघा मांडीच्या हुकात (बोटीत मांडी अडकवायची खाच) वर दाबला की बोट फिरते, तू फक्त तिच्या मागून वर येतोस. आता तू सीटमध्ये दोन बोटं सरकतोयस म्हणजे गुडघा उचललास की आधी तू सरकणार आणि मग उरलंसुरलं बोटीला मिळणार. पूलमध्ये पाणी स्थिर असतं म्हणून तेवढ्यावर भागतं, करंटमध्ये भागत नाही.

फोम क्लोज्ड सेलच घे, म्हणजे पाणी न पिणारा. सोफ्याचा स्पंज अजिबात नको, तो पाणी पिऊन जड होतो आणि दाबला की बसतो. परदेशात मिनीसेल नावाचा असा फोम वापरतात, आपल्याकडे फोमच्या दुकानात ईव्हीए फोमची शीट मिळते, १० आणि २० मिमीची घे आणि थर लावत जा. हिप पॅडला (सीटच्या दोन्ही बाजूंना कमरेला टेकणाऱ्या गाद्या) कव्हर असेल तर चिकटवायची गरजच नाही, आत एकेक पट्टी सरकवायची. आकार देताना पॅडची वरची कड मांडीवर किंचित ओणवी येईल अशी ठेव, नुसती सरळ भिंत केलीस तर उलटल्यावर तू सीटमधून खाली लोंबकळतोस आणि तिथेच रोल जातो. कापायला लांब पात्याचा कटर, घासायला जाड पॉलिश पेपर, बास.

आणि सगळं आधी डक्ट टेपने लावून एक दिवस नदीवर चालवून बघ, लगेच गोंद लावू नकोस. पाण्यात भिजल्यावर आणि दोन तास बसल्यावर जे टोचतं ते घरी कधीच कळत नाही.

स्वाती_साताऱ्याची
घाटाखाली दादांचं पटतं पण अर्धंच. "अर्धा वर येतो आणि परत आत" ही तर डोकं आधी उचलल्याची खूण आहे. श्वासासाठी जीव कासावीस होतो, डोकं वर खेचलं जातं, आणि त्याबरोबर वर दाबलेला गुडघा सुटून उलट बाजूचा दाबला जातो, म्हणजे जी बोट सरळ होत आली होती तिला तूच परत उलटी करतोस. फिटिंग कितीही घट्ट केलंस तरी हे जाणार नाही. नजर काम करणाऱ्या ब्लेडवर ठेव, ब्लेड जाईल तिकडे मान, डोकं सगळ्यात शेवटी वर. आणि उलटल्यावर लगेच धडपडू नकोस, आधी पुढे वाकून अंग डेकला चिकटव (दगडापासून तोंडही वाचतं), पॅडल बोटीला समांतर पाण्याबाहेर आलंय हे हाताला जाणवू दे, मगच स्वीप.

एडीचं म्हणशील तर वळतोयस त्याच्या आतल्या बाजूला बोट कलती पाहिजे, सायकल वळवतो तशी. करंटमधून एडीत शिरलास की खालचं पाणी एकदम उलट दिशेने वाहतं, तेव्हा बोट सपाट किंवा बाहेर कललेली असेल तर ते पाणी बाहेरच्या कडेवर चढतं आणि तू गेलास. एडीतून बाहेर निघतानाही नियम तोच. कलवायचं कमरेने, खांदे बोटीच्या मधोमध. इथे मात्र तुझे ढिले हिप पॅड नक्की नडतायत, कारण कमरेची पकड नसली की माणूस अख्खं अंग झुकवतो आणि तोल जातो.

पुणे_पॅडलर
ताई, डोक्याचं अगदी बरोबर ओळखलंत, मित्राने काढलेल्या व्हिडिओत हनुवटी सगळ्यात आधी बाहेर येतेय. हे आधी कोणी सांगितलंच नव्हतं. आता पायांचं काय करू? फूट प्लेट (पाय टेकवायची पट्टी) मागे घेतली तर गुडघे हुकात मस्त बसतात पण मग बधिर होतात, पुढे केली तर पकड जाते.

घाटाखाली
प्लेट पुढे नेऊ नकोस. बहुतेकदा सीटची पुढची कड मांडीच्या मागे रुतते आणि पाय हवेत राहतात, म्हणून मुंग्या येतात. सीटच्या पुढे मांडीखाली फोमची उतरती पाचर लाव, म्हणजे मांडीचं वजन तिच्यावर येईल. बॅकबँड (पाठीमागचा आधाराचा पट्टा) कमरेच्या अगदी खाली बसव, वर गेला तर तू पोक काढून बसतोस. आणि हे सगळं नदीवर घालतोस तेच बूट घालून ॲडजस्ट कर! अनवाणी मापं घेतली की नदीवर बूट घातल्यावर जागाच उरत नाही. प्लेटच्या पुढेही जाड फोम भर, कोलाडला दगड भरपूर आहेत, नाक आपटलं तर धक्का घोट्यावर येत नाही.

पाचर चिकटवायला फेविकॉल एसआर ९९८ चालेल, किंवा चांभाराकडचं सोल्युशन. पण बोटीच्या पॉलिथिनला गोंद मुळात नीट धरत नाही, म्हणून आधी पॉलिश पेपरने खरबरीत कर, स्पिरिटने पूस, दोन्ही बाजूंना लाव, हाताला चिकटेनासं होईपर्यंत वाळू दे आणि मग एकदाच जोरात दाब, नंतर सरकवता येत नाही. गच्चीवर कर हे, बंद खोलीत वासाने डोकं धरतं.

अलकनंदा_७
एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून लिहितोय. फिटिंग झालं की पहिलं काम वेट एक्झिट, म्हणजे उलट्या बोटीतून बाहेर पडायचा सराव. उथळ स्थिर पाण्यात शेजारी माणूस उभा करून उलटा हो, स्कर्टचा लूप ओढ, गुडघे आत घे, आणि अंग आपोआप बाहेर सरकलं पाहिजे. जरा जरी अडकलं तरी फोम तास, "पुढच्या वेळी बघू" नको. लूप बाहेर आहे ना हे दर वेळी शेजाऱ्याने बघायचं.

ऋषिकेशला पाणी प्रचंड मोठं असतं, कुंडलिकेसारखं दगडाळ नाही. तिथल्या एडीलाइन (करंट आणि एडी यांच्यामधली सीमा) रुंद आणि उकळत्या, त्यामुळे कलवलेली बोट दोन-तीन स्ट्रोक तशीच धरून ठेवावी लागते, कोलाडच्या सवयीने लगेच सपाट केलीस की भोवरा ओढतो. शिवपुरीच्या खालच्या पट्ट्यात सुरुवात कर, रोलर कोस्टर आणि गोल्फ कोर्स हे रॅपिड (खळाळाचे टप्पे) आधी काठावर उतरून नीट बघ. कौडियालाच्या खालचा द वॉल हा रॅपिड या ट्रिपला सोडून दे.

तोपर्यंत कोलाडचा फायदा करून घे. मुळशीचं पाणी भिऱ्याच्या पॉवरहाऊसमधून सोडतात, त्यामुळे पावसाळा सोडला तर लेव्हल साधारण सारखी मिळते, असं सगळीकडे नसतं. रोज नवा पट्टा मारण्यापेक्षा एकच एडी धर, आत-बाहेर, आत-बाहेर, डावीकडून, मग उजवीकडून. पाणी थोडेच तास असतं, टाइमिंग आदल्या दिवशी विचारून जा, आणि एकटा जाऊ नकोस.

पुणे_पॅडलर
मस्त, खूप आभार सगळ्यांचे. शनिवारी टेपवर फोम लावून जातो, सोबत दोघं आहेत. गोंद लावल्यावर किती दिवस पाण्यात न्यायची नाही?

घाटाखाली
एक अख्खा दिवस तरी ठेव, पावसाळी हवेत दोन. आणि उरलेला फोम टाकू नकोस, एका सीझनमध्ये पॅड दबतात, परत पट्टी घालावीच लागते.