रेल्वे लाइनपलीकडच्या त्या गल्लीची नोंद कुठे सापडेल?

कासाराची_लेक
मुंबई-भुसावळ लाइनवरचं आमचं गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण त्या घरांतली मुलं-नातवंडं आज इथेच नोकरी-धंदा करतात. स्टेशनापलीकडे, कापसातून सरकी काढायच्या जिनिंग कारखान्याच्या भिंतीला लागून देहविक्री करणाऱ्या बायकांची गल्ली होती. दिवाळीनंतर कापूस यायला लागला की हमाल, गाडीवाले, बाहेरगावचे मजूर यांची तिथे गर्दी. आता त्या जागी शॉपिंग कॉम्प्लेक्स आहे. कुणाला विचारलं तर "असं काही नव्हतंच" म्हणतात.

माझी माय तिथे बांगड्या भरायला जायची. श्रावणात त्या बायका हिरव्या बांगड्या उधारीवर घ्यायच्या आणि हंगाम लागला की पैसे चुकते करायच्या. मायच्या वहीत त्यांची नावं आहेत: 'शेवंता, नळाजवळची', 'मोठी गंगू', 'हिराबाई, पत्र्याचं दार'. आडनाव एकीचंही नाही. गावाच्या स्मरणिकेत जिनिंगमालकांचे फोटो आहेत, या बायकांबद्दल एक ओळ नाही. याचा मला फार त्रास होतो. मला हे नीट लिहून ठेवायचंय. कागद कुठे मिळतील?

निवृत्त_पोस्टमन
ताई, घरपट्टीच्या रजिस्टरात घरमालकच सापडेल. मी अशाच एका वस्तीत टपाल वाटलंय. बायका घरी मनिऑर्डर करायच्या आणि तिची पोच मी आणून द्यायचो. पोचेवर आईचा नाहीतर भावाचा अंगठा असायचा. पैसे पोचले हे त्या अंगठ्यावरून कळायचं, म्हणून त्या पोचा पेटीत जपून ठेवत. घरी सांगितलेलं असायचं, "जिनमध्ये कामाला आहे." आधी म्हाताऱ्या माणसांना गाठा, ती फार दिवस थांबणार नाहीत.

वकील_जळगाव
1956 चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा 1958 पासून लागू झाला. त्यात देहविक्री हा स्वतःहून गुन्हा नाही. कुंटणखाना चालवणं मात्र गुन्हा आहे, तसंच शाळा, देऊळ, दवाखाना यांच्यापासून 200 मीटरच्या आत धंदा करणंही. दंडाधिकारी असं घर रिकामं करायला लावू शकतो, बाईला तो भाग सोडून जायलाही सांगू शकतो. तेव्हा गल्लीजवळ शाळा कधी निघाली ते बघा. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढा, जागा कुणाकडून कुणाकडे गेली ते फेरफारावरून कळेल. कोर्टाच्या कागदांत बायकांची नावं मिळाली तर जशीच्या तशी छापू नका.

तापीकाठचा
ताई, मनी मावशी अशाच एका गल्लीतली. तिनंच माले शिकाडं. तिच्याबद्दल लिखा, पन गाव नको.

कासाराची_लेक
भाऊ, गाव येणार नाही, शब्द देते. वकीलसाहेब, मिळकत पत्रिकेचा अर्ज सोमवारी करते. भाऊ, मावशी आहेत का अजून? त्यांची तयारी असेल तर भेटायला येईन. बायका कुठून कुठून आल्या होत्या, भाडं आठवड्याला द्यायच्या की महिन्याला, वसुलीला कोण यायचं, हे त्यांनाच ठाऊक असणार.