सॅटिनच्या पताकांवर सब्लिमेशन: लाल विटकरी, अक्षरांना सावली, निळे ठिपके

चौकातला_मांडव:
सोसायटीच्या गणपतीसाठी ६० त्रिकोणी पताका आणि फाटकासाठी १२ × १८ इंचांचे चार झेंडे करायचे आहेत. सब्लिमेशनने, म्हणजे कागदावर छापलेलं चित्र गरम दाबून कापडावर उतरवून. सामान असं: एप्सन एल१३० प्रिंटर (पहिल्यापासून सब्लिमेशनची शाईच भरलेली), ए४ कागद, १५ × १५ इंची हीटप्रेस (तापलेल्या तव्यांत दाबणारं यंत्र). पांढऱ्या सॅटिनवर १८० अंशांला ४० सेकंद दाबून पाहिलं. लाल विटकरी उतरतोय, 'मोरया'च्या अक्षरांना बारीक दुहेरी कड येतेय आणि मधेच निळे ठिपके पडलेत. शिवाय तयार भगव्या कापडावर थेट छापता येईल का?

शाई_ते_वाफ:
आधी लाल रंगाचं. १८० अंश कमी पडतात. या शाईची वाफ व्हावी लागते आणि ती वाफ पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरते. वापरलेला कागद उलटून बघा. त्यावर चित्र अजून ठसठशीत असेल तर उष्णता किंवा वेळ कमी पडलाय. पुसट खूण उरली असेल तर काम झालं. पातळ सॅटिनला १९५ अंश, ४५ सेकंद, हलका दाब, इथून सुरुवात करा. २०५च्या वर गेलात तर पांढरा भाग पिवळट पडतो आणि सॅटिनची चमक मरते. प्रेसचे तवे कडांना कमी तापतात, म्हणून एक राखाडी पट्टा मधोमध आणि एकेक कोपऱ्यांत दाबून बघा. कुठे फिका येतो ते लगेच कळेल. आणि छापलेल्या कागदावरचा रंग बघून घाबरू नका, तो मळकटच दिसतो.

दुहेरी कड प्रेस उघडताना येते. कागद वरच्या तव्याला चिकटून किंचित उचलला जातो, परत पडतो, आणि गरम शाई दुसरा ठसा उमटवते. हीट टेपने (उष्णता सोसणाऱ्या चिकटपट्टीने) चारही कोपरे बांधा, पण टेप चित्राच्या बाहेर ठेवा. प्रेस उघडल्यावर कागद गरम असतानाच एका झटक्यात सोलायचा.

त्यात सॅटिन तापलं की आकसतं. कोरं कापड आधी १० सेकंद दाबून घ्या. आकसायचं ते तेव्हाच आकसतं आणि ओलही निघते. गणपतीच्या दिवसांतल्या हवेत हे टाळून चालणार नाही. दमट कागदावर शाई पसरते आणि दाबताना निघणारी पाण्याची वाफ कडा धूसर करते. कागदाचं पाकीट बंद ठेवा, छापलेला कागद दहा मिनिटं सुकू द्या.

निळे ठिपके म्हणजे कापडावरची लव. दाबण्याआधी प्रत्येक तुकड्यावरून चिकट रोलर फिरवा. खाली-वर बटर पेपर दर वेळी नवा, नाहीतर आधीच्या पताकेचा रंग पुढचीवर येतो. खिडकी उघडी ठेवा.

पन्हा_चव्वेचाळीस:
पताकांची मांडणी सांगतो. ४.५ इंच पाया आणि ९ इंच उंची धरा, दोरीसाठी वर १ इंच दुमड. असे दोन त्रिकोण एक सुलटा, एक उलटा ठेवले की एका ए४ मध्ये बसतात. म्हणजे ३० कागद, वाया जाणारे पाच-सहा वेगळे. रंग कापायच्या रेषेबाहेर ३ मिमी जाऊ द्या. छापताना आरसा-प्रतिमेचा पर्याय चालू आहे ना, ते दर वेळी बघा. 'मोरया' उलटा छापला की कापड गेलंच.

४४ इंची पन्ह्याच्या कापडातून ९ × १२ इंचांचे चार तुकडे आडवे निघतात, ३ मीटर भरपूर झालं. त्रिकोण दाबल्यानंतर कापा. कागदाच्या कडेची दाबलेली रेघ सॅटिनवर उठते, ती मग कातरणीत जाते. कात्रीने कापलं तर धागे सुटतात. काचेवर पोलादी पट्टी ठेवून सोल्डरिंग आयर्नने कापलं की कड आपोआप बंद होते.

१२ × १८ चे झेंडे घरी दाबायचा नाद सोडा. ए४ जोडून छापलं तर सांधा दिसणारच. बाहेरून मोठ्या कागदावर छापून आणलं तरी तुमच्या प्रेसवर दोनदा दाबावं लागेल, आणि मधल्या पट्टीला दुप्पट उष्णता लागून रेघ येईल. टी-शर्ट छापणाऱ्या एखाद्याकडे १६ × २४ ची प्रेस असते, त्याच्याकडून तेवढे चार झेंडे दाबून घ्या.

शाई_ते_वाफ:
भगव्या कापडाबद्दल: या शाईत पांढरा रंग नसतो. पांढरं म्हणजे न छापलेलं कापड. भगव्यावर काळा किंवा गडद तपकिरी छान उठतो, निळा मात्र काळपट होतो आणि पिवळा दिसतच नाही. शिवाय रंगीत पॉलिएस्टरचा स्वतःचा रंगही तापल्यावर सुटून बटर पेपरवर येतो. पांढऱ्यावरच भगवा छापायचा असेल तर पिवळा १०० टक्के आणि मॅजेंटा (प्रिंटरची गुलाबीसर शाई) ५० ते ७० टक्के असे पाच चौकोन दाबून बघा आणि त्यातला निवडा. पडद्यावर दिसणाऱ्या भगव्याच्या भरवशावर राहू नका.

चौकातला_मांडव:
२०० अंशांनाही लाल फिकाच राहिला तर? आणि याच मापात १५ ऑगस्टला तिरंगी पताका केल्या तर चालेल?

पन्हा_चव्वेचाळीस:
तर मग कापड तपासा. 'सॅटिन' म्हणून व्हिस्कोसही विकतात, त्यावर रंग पहिल्या धुण्यातच जातो. चार धागे चिमट्यात धरून घराबाहेर पेटवा. वितळून कडक काळा मणी झाला तर पॉलिएस्टर. कागद जळल्यासारखा वास येऊन भुरभुरीत राख झाली तर ते परत करा.

तिरंगी पताका नकोत. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने राष्ट्रध्वज पॉलिएस्टरचा आणि यंत्रावर केलेला चालतो, पण २००२ च्या ध्वजसंहितेनुसार त्यावर काही लिहायचं नाही आणि सजावटीसाठी पताका म्हणूनही वापरायचा नाही. नुसत्या केशरी, पांढऱ्या, हिरव्या कापडाच्या वेगवेगळ्या पताका एकाआड एक ओवा.