हळदीचं दूध घ्या आणि गोळ्या सोडा?

रानजाई:
'रोज रात्री चमचाभर हळद दुधातून घ्या, मधुमेहाच्या गोळ्या सुटतील,' असं काल इथे लिहिलं गेलं. हे वाचून गप्प बसवत नाही. हळदीत कुरकुमिन, म्हणजे तिचा मुख्य औषधी पिवळा घटक, साधारण २ ते ५ टक्के. ३ ग्रॅम चूर्णातून फार तर १५० मिलिग्रॅम मिळतं आणि त्यातलंही जेमतेम रक्तात उतरतं. मिरीने शोषण वाढतं, पण मिरी इतर औषधांचंही शोषण वाढवू शकते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा पित्ताशयात खडे असतील, तर जास्त मात्रा धोक्याची. मिरीचा अर्क घातलेल्या कुरकुमिनच्या कॅप्सूलने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

खलबत्ता:
कुरकुमिन म्हणजे अख्खी हळद नव्हे! तेल, राळ कुठे गेलं? प्रमेहात (आयुर्वेदात मधुमेह याच गटात येतो) हळद आवळ्याबरोबर देतात, अंगावर पित्त उठलं की हरिद्राखंड हे हळदीचं औषध. मुक्या मारावर लेप आंबेहळदीचा, ती वनस्पतीच वेगळी. शिवाय बाजारची हळद शिजवलेली. औषधाला कच्चीच वाळवून घ्यावी.

वसमतकर:
शिजवण्याला नावं ठेवू नका. न शिजवता वाळवलेल्या कंदाला वाळायला फार वेळ लागतो, तोवर बुरशी धरते. काढणीनंतर चार-पाच दिवसांत शिजवायची, गड्डे (मधले जाड कंद) आणि हळकुंडं (त्यांना फुटलेली बोटं) वेगवेगळी. कढईत ४५ ते ६० मिनिटं. फेस आला, वास सुटला, काडी आरपार गेली की उतरवायची. कमी शिजली तर वाळताना सारखी वाळत नाही आणि कीड लागते, जास्त शिजली तर रंग जातो. पुढे १०-१५ दिवस ऊन. मोडल्यावर खणकन वाजली पाहिजे. खरा घात पॉलिशमध्ये होतो, तिथे कुणी बघतच नाही.

रानजाई:
म्हणूनच अख्खं हळकुंड आणून घरी दळावं.

वसमतकर:
अहो, लेड क्रोमेट हा शिशाचा पिवळा रंग पॉलिश करताना हळकुंडालाच चोळतात! दळलं तरी शिसं पोटात जाणारच. बाहेरून झळझळीत, एकसारखं पिवळं हळकुंड घेऊच नका. बिनपॉलिश, मळकट सालीचं मागा.

खलबत्ता:
बुरशीचं मान्य. पातळ चकत्या करून वाळवल्या तर ती अडचण येत नाही, हेही लिहा. आणि गोळ्या सोडायला सांगणं चूकच, तिथे रानजाईंशी वाद नाही. पण १ ते ३ ग्रॅम चूर्ण देणाऱ्या वैद्याला कॅप्सूलवाल्यांच्या रांगेत बसवू नका.

रानजाई:
बसवलेलं नाही. पण त्या वैद्यानेही चालू गोळ्यांची यादी आधी विचारली पाहिजे.