मदत हवी आहे: आयएसएमबी ३०० वर पालथं चॅनेल, अ‍ॅप आणि स्टील टेबलचं उत्तर जुळत नाही

नमस्कार मंडळी,

एका शेडमधला गँट्री गर्डर (क्रेनचा रूळ पेलणारा बीम) तपासतोय. ३ टनी ईओटी क्रेन (विजेवर चालणारी, डोक्यावरून फिरणारी), खांबांमधलं अंतर ६ मीटर. सेक्शन नेहमीचाच: आयएसएमबी ३०० (३०० मिमी उंच, ‘I’ आकाराचा बीम) आणि त्याच्या वरच्या फ्लँजवर (आडव्या पट्टीवर) आयएसएमसी २०० (२०० मिमीचं चॅनेल) पालथं, म्हणजे वेब (फ्लँज जोडणारी मधली पट्टी) आडवा आणि दोन्ही फ्लँज खाली लोंबणारे. साइटवर लॅपटॉप नसतो, म्हणून सेक्शन प्रॉपर्टी काढणारं एक मोफत अ‍ॅप मोबाईलवर घेतलंय. त्यात आयत, त्रिकोण, वर्तुळ असे आकार जोडता येतात, भोक असेल तर वजा करता येतं, आणि निर्देशांक देऊन बहुभुजही काढता येतो. तयार सेक्शनची यादी मात्र नाही.

मी सगळं आयतांनी बांधलं. बीमचे ३, चॅनेलचे ३. मापं एसपी ६ (स्टील सेक्शनचं भारतीय हँडबुक) च्या जुन्या टेबलमधली: बीमची रुंदी १४०, फ्लँज १२.४, वेब ७.५ मिमी, चॅनेल २०० × ७५, फ्लँज ११.४, वेब ६.१ मिमी.

अ‍ॅपचं उत्तर: क्षेत्रफळ ८३.२७ सेमी², सेंट्रॉइड (क्षेत्रफळाचा मध्यबिंदू) तळापासून १९४.२ मिमी, आय-एक्सएक्स (आडव्या अक्षाभोवतीचं जडत्वाघूर्ण, म्हणजे वाकण्याला होणाऱ्या विरोधाचं माप) ११,८७६ सेमी⁴.

हाताने, टेबलमधल्या किमती घेऊन (बीम ५६.२६ सेमी² व ८,६०३.६ सेमी⁴; चॅनेल २८.२१ सेमी² व १४०.४ सेमी⁴, सेंट्रॉइड पाठीपासून २१.७ मिमी): क्षेत्रफळ ८४.४७, सेंट्रॉइड १९४.९, आय-एक्सएक्स १२,१३८.

फरक दोन टक्क्यांच्या वर जातो. आकडेमोड दोनदा तपासली, बरोबर आहे. खरं कुठलं धरायचं? शिवाय अ‍ॅप ‘आय-एक्स’ म्हणून आणखी एक ओळ दाखवतं, तिथे ४३,२८७ आहे. ती कशाची?

विद्युत क्रेनसाठी आयएस ८०० (स्टील बांधकामाचं भारतीय मानक) मध्ये झोळाची, म्हणजे गर्डर खाली वाकण्याची, मर्यादा लांबीच्या ७५० व्या भागाइतकी, म्हणजे इथे ८ मिमी. हिशेब त्या मर्यादेला अगदी खेटून आहे, म्हणून दोन टक्केसुद्धा सोडवत नाहीत. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

४३,२८७ ची काळजी सोडा. तुम्ही तळाची कडा शून्यावर ठेवून आकार मांडलेत, तर ती त्या तळरेषेभोवतीची किंमत. तिच्यातून क्षेत्रफळ × १९.४२ चा वर्ग वजा करा, ११,८७६ च्या आसपास येईल. डिझाइनला सेंट्रॉइडभोवतीचीच लागते. युनिटही बघून घ्या: अ‍ॅप मिमी⁴ मध्ये असेल तर हाच आकडा ११.८८ कोटी दिसतो, सेमी⁴ साठी १०,००० ने भागायचं.

प्रतिसाद २

मित्रा, तुझी बेरीज बरोबर आणि अ‍ॅपचीही बरोबर. तू दिलेला आकार आणि रोलिंग मिलमधून येणारा आकार, हे दोन वेगळे आहेत.

आपल्या आयएसएमबी आणि आयएसएमसीचे फ्लँज आतून उतरते असतात. वेबशी होणारा कोन बीममध्ये ९८ अंश, चॅनेलमध्ये ९६. टेबलमधली ११.४ ही जाडी फ्लँजच्या बाहेर आलेल्या भागाच्या मधोमधची आहे. चॅनेलचा हा भाग ६८.९ मिमी. ६ अंशांच्या उतारावर मुळाशी जाडी १५ होते आणि टोकाला ७.८ उरते. क्षेत्रफळ तेवढंच राहतं, पण माल वेबकडे सरकतो. आयत धरलास तर चॅनेलचा सेंट्रॉइड पाठीपासून २४.२ मिमी येतो, टेबल म्हणतं २१.७. हा अडीच मिलिमीटर कुठून आला ते आता कळेल. आयताऐवजी समलंब दे (अ‍ॅपमधला बहुभुज त्यासाठीच आहे): सेंट्रॉइड २२.१ आणि चॅनेलच्या स्वतःच्या सेंट्रॉइडभोवतीची आय १३९ सेमी⁴ येईल. टेबलच्या १४०.४ ला लागूनच. आयताने १५९ येत होती.

बीममध्ये वेब आणि फ्लँजच्या सांध्यातली गोलाई, म्हणजे फिलेट, तू गाळलीस. टोकांची गोलाई वजा जाऊनही निव्वळ ०.९ सेमी² च वाढतं, पण ते मध्यापासून दूर असतं आणि तिथे अंतराचा वर्ग होतो. म्हणून नुसत्या बीमचं आय-एक्सएक्स आयतांनी ८,४८७ आणि टेबलमध्ये ८,६०३.६.

पण माझं लक्ष दुसरीकडे आहे. आय-एक्सएक्स कमी आलं तर निदान चूक सुरक्षित बाजूला पडते. तुझ्या अ‍ॅपने आय-वायवाय (उभ्या अक्षाभोवतीची आय) किती दिलं? तुझ्या आयतांनी ते २,३७३ यायला हवं. टेबलने ४५३.९ + १,८१९.३ = २,२७३. म्हणजे इथे अ‍ॅप चार टक्के जास्त दाखवतंय, आणि क्रेनची ट्रॉली थांबताना बसणारा आडवा धक्का याच अक्षावर येतो. नुसत्या बीमचं बघितलंस तर आयतांनी ५६८, टेबलमध्ये ४५३.९. एवढा मोठा फरक कुणी लक्षातच घेत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. आडव्या धक्क्यासाठी फक्त वरचा फ्लँज आणि चॅनेल धरायची पद्धत आहे, तिथेही अर्ध्या बीमचे २२७ च घे, २८४ नको.

रोल्ड सेक्शनला टेबलच वापर. अ‍ॅप ठेव प्लेटा जोडून केलेल्या गर्डरसाठी, तिथे आयत खरोखर आयतच असतात. आणि माल कुठल्या टेबलचा आहे ते विचार: १९६४ च्या एसपी ६ मध्ये आयएसएमबी ३०० मीटरला ४४.२ किलो, १९८९ च्या आयएस ८०८ (रोल्ड सेक्शनच्या मापांचं भारतीय मानक) मध्ये ४६ किलो, फ्लँजही १३.१ मिमी.

धागाकर्ता

खूप आभार दादा. अ‍ॅपने आय-वायवाय २,३७३ च दिलं होतं. आता बीमचे फ्लँजही समलंब करून बघितले, मुळाशी १७ आणि टोकाला ७.७५ मिमी. नुसत्या बीमचं ५६८ वरून ४६८ वर आलं. टेबलच्या ४५३.९ पर्यंतचा उरलेला फरक टोकांच्या गोलाईचा का?

प्रतिसाद २

हो, मुख्यतः तोच. टोकाची त्रिज्या ७ मिमी असते आणि ते कोपरे उभ्या अक्षापासून सगळ्यात लांब. साइटवर सप्लायरकडून गेट पास आणि वजनकाट्याची चिठ्ठी मागून घे, मीटरचं वजन काढलंस की कुठलं टेबल ते तिथेच ठरेल.