शाळेच्या कुंपणाला करवंद की बोर?

मुरमाड (यवतमाळ जिल्हा): गावच्या शाळेच्या कडेनं पावसाळ्यात साठेक झुडपं लावायची आहेत. बोर नको, करवंदच लावा, असं माझं ठाम मत आहे. करवंद बारा महिने हिरवं, जाळी दाट झाली की बकरी आत शिरत नाही. बोर ऐन उन्हाळ्यात, आपल्याकडे पारा ४५ वर जातो तेव्हाच, पानं टाकून उघडं पडतं.

पऱ्हाटी: भाऊ, आधी जमीन कोणती ते सांगा. मी तीन वर्षांमागं काळ्या वावराच्या धुऱ्यावर बारा करवंदं लावली होती. श्रावणाच्या झडीत बुडाशी पाणी साचलं, पानं पिवळी झाली. उपटून पाहिलं तर मुळं काळी, बोटानं दाबली की साल निसटायची. नऊ गेली. त्याच धुऱ्यावर पाखरांनी आणलेली बोर कोणी पाणी न घालता उभी आहे. शिवाय करवंद पिकतं मे-जूनमध्ये. विदर्भातल्या शाळा उघडतात जूनच्या शेवटी. मग खाणार कोण? बोरं डिसेंबर-जानेवारीत पिकतात, मधल्या सुट्टीत पोरं झाडाखालीच असतात.

शाळेतल्या ताई: सुट्टीतही पोरं गावातच असतात, दादा. आणि बोरीचा काटा विसरलात का? जोडीतला एक सरळ, दुसरा आकड्यासारखा वाकडा. फ्रॉक अडकला की फाटल्याशिवाय सुटत नाही. ते काटे मीच काढते, म्हणून सांगते.

पऱ्हाटी: करवंदाला काय काटे नसतात, ताई? बोर दर उन्हाळ्यात छाटली तर आवाक्यात राहते.

रानवाट: एवढा वाद कशाला? घाणेरी लावा. जनावर तोंड लावत नाही, फुलंही येतात.

मुरमाड: घाणेरी अजिबात नको! ती अमेरिकेतून आलेली, जनावरांना विषारी. पाखरं बी नेतात आणि जंगलात खाली गवत उगवत नाही. आपली झुडपं असताना ती कशाला?

पऱ्हाटीभाऊ, पाण्याचं तुमचं खरं. शाळेची जमीन मुरमाची, उताराची आहे, पण हातपंपाजवळच्या कोपऱ्यात चिखल असतो. तिथं बोर लावू. बाकी तिन्ही बाजू करवंदाच्याच. पिकलेली फळं या आठवड्यात आणतो, कारण वाळलेलं बी उगवत नाही. गर धुऊन लगेच पिशव्यांत टाकायला कोण येतंय?

पऱ्हाटी: मी येतो. पण रस्त्याकडची बाजूही बोरीला द्या, हे माझं अजून म्हणणं आहे.