रोबो फरशी पुसतो, पण पट्टे राहतात

दिवाळीत फरशी पुसणारा रोबो घेतला. घरात त्याला बंड्या म्हणतात. पांढऱ्या टाइल्सवर ठीक, पण स्वयंपाकघरातल्या काळ्या फरशीवर वाळल्यावर पांढुरके पट्टे दिसतात. शिवाय घाण पाण्याच्या टाकीला असा वास, की सासूबाईंनी मेलेला उंदीर शोधायला कपाट सरकवलं! टाकीत फिनेल घालू का?

– फिनेल नको हो ताई! मी घातलं होतं. आतली बारीक नळी तुंबली आणि वॉरंटीवाल्यांनी हात वर केले. पाणी कुठलं भरता? बोअरचं असेल तर क्षार. पाणी उडून जातं, कॅल्शियम-मॅग्नेशियम फरशीवर राहतं. पांढऱ्या टाइलवरही असतंच, दिसत नाही इतकंच.

– वासाचं सोपं आहे. टाकी रोज रिकामी करून धुवा, झाकण उघडं टाकून वाळवा. पुसायचं फडकंही उन्हात. आमच्याकडे मोरीचा उंबरा त्याला चढता येत नाही, तिथे अजून मीच वाकते. आणि दारातली रांगोळी? एकदा गुलाबी रंग पार बेडरूमपर्यंत पोचला होता.

– ताई, आरओचं बाहेर पडणारं पाणी तर वापरत नाही ना? त्यात क्षार आणखी जास्त.

अगं बाई, तेच तर भरत होते! वाया जाऊ नये म्हणून बादली लावून ठेवलेली. आज आरओचं प्यायचं पाणी भरलं, पट्टे जवळजवळ गेले. बादली आता संडासात.